बोगदा आणि कुलूप

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. त्यापासून आम्हांस जो बोध झाला, तो दोन ठिकाणीं राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आमचें कुटुंब एकत्र असलें तरी चुली दोन आहेत. आम्ही गोंदियास, कनिष्ठ बंधु आमगांवास. शेतीचे कागद, वाटणीपत्राचा मसुदा व मातोश्रींच्या दुखण्याचे अहवाल गोंदियाच्या संगणकांत असतात आणि ते दोन्ही घरांस लागतात. म्हणून संगणकविद्या शिकलेल्या आमच्या पुतण्यानें दोन्ही घरांच्या राउटरांमध्यें एक 'बोगदा' घातला.

त्याची युक्ति अशी. घरांतील संगणकांचे पत्ते बहुधा १९२.१६८ या अंकांनीं सुरू होतात. ते घरांत हांक मारण्याच्या नांवांसारखे होत. नुसतें 'माई' एवढेंच लिहिलेलें पत्र टपालवाला पोंचवूं शकत नाहीं, तद्वत् हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहींत. यास्तव राउटर आंतला लखोटा तसाच ठेवून त्यावर दुसरा चढवितो आणि वर समोरच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता घालतो. पलीकडचा राउटर वरचें वेष्टन काढून आंतील पत्र घरांत देतो. या वेष्टनाची जी.आर.ई. नांवाची पद्धति १९९४ सालीं प्रसिद्ध झाली व २००० सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली.

मांडणीचीं पथ्यें चार. दोन्ही घरांस कायमचा सार्वजनिक पत्ता हवा. घरांतील पत्त्यांच्या मालिका भिन्न हव्यात. आमच्या दोन्ही राउटरांत मुळांत १९२.१६८.१ हीच मालिका होती, ती आमगांवीं १९२.१६८.२ करावी लागली. एका टोकावर 'येथून' म्हणून लिहिलेला पत्ता दुसऱ्या टोकावर 'तेथें' म्हणून लिहावयाचा. आणि चौथें, समोरच्या राउटरच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाणारी वाट बोगद्यांतूनच देऊं नये. दिल्यास बोगदा स्वतःच्याच पोटांत शिरूं पाहतो आणि बंद पडतो.

एवढें करूनहि पहिल्याच दिवशीं अडलें. चार ओळींचा निरोप जाई, अहवालाचें चित्र मात्र अर्ध्यावर थांबे. वाटेंत एका लखोट्यास १५०० बाइटांची मर्यादा; नव्या वेष्टनास २० अधिक ४ मिळून २४ बाइट लागतात; आंतील पत्रास उरतात १४७६. बोगद्याची मर्यादा तेवढी लिहितांच चित्र सुखरूप पोंचलें.

खरी चूक पुढें कळली. वाटणीपत्राचा मसुदा पाठविण्यास बसलों असतां आम्ही समाधानानें म्हणालों, "आतां हें परक्याच्या दृष्टीस पडावयाचें नाहीं." पुतण्या चपापला. "मोठे काका, ह्या बोगद्याला कुलूप नाहीं. मधल्या वाटेवर ज्याच्या हातीं लखोटा लागेल, तो वाचूं शकेल."

आठवडाभराचे मातोश्रींचे अहवाल असे उघडे गेले होते! आम्ही त्याच्यावर रागावलों. पण विचारान्तीं दोष आमच्याकडेहि दिसला. बोगदा म्हणतांच आमच्या डोळ्यांपुढें महाभारतांतील सुरुंग उभा राहिला होता, विदुरानें धाडलेल्या खनकानें लाक्षागृहांत गुप्तपणें खणलेला. वस्तुतः हा बोगदा आमच्या जिल्ह्यांतील दरेकसा येथील रेल्वेच्या बोगद्यासारखा आहे. डोंगर पार करून देणें एवढेंच त्याचें काम. गाडींत कोण बसलें आहे हें झांकणें त्याचें काम नव्हे.

त्याच सायंकाळीं जी.आर.ई.ला आय.पी.सेकचें कुलूप बसलें. दोन्ही टोकांस एकच लांबलचक गुप्त किल्ली लागते. ती टेलिफोनवर न सांगतां पुतण्या स्वतः आमगांवास जाऊन घालून आला. कुलपासहि जागा लागते, म्हणून मर्यादा १४०० वर आणली. वाटणीपत्र त्यानंतरच गेलें.

परंतु गेलेले अहवाल परत येत नाहींत. आम्हीं मातोश्रींस सर्व हकीकत सांगितली. त्या एवढेंच म्हणाल्या, "दुखणें माझें, धाडण्यापूर्वीं मला विचारायचें होतें."

तेव्हां वाचकहो, घरांत असा बोगदा घालावयाचा असेल तर वाट झाली का, हें पाहून थांबूं नका. कुलूप लागलें का, हें विचारा; आणि त्याच्याहि आधीं, ज्यांचे कागद त्यांस विचारा.