मिल्खासिंगनंतर थेट नीरज?

मा. क्रीडासंपादक महोदय,


भारतीय अ‍ॅथलेटिक्सच्या सुवर्णक्षणांवरची आपली पुरवणी वाचली. कार्डिफ, १९५८, मिल्खासिंग. मग पी. टी. उषा, अंजू बॉबी जॉर्ज आणि शेवटी अर्थातच टोकियोतला नीरज चोप्रा. छपाई देखणी, फोटो मोठे. फक्त ११ ऑक्टोबर २०१० ही तारीख त्यात कुठेच नाही, साध्या चौकटीतसुद्धा नाही. पान चिकटलं असेल म्हणून मी पुन्हा उलटून पाहिलं.

त्या दिवशी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची थाळीफेक झाली. कृष्णा पुनिया ६१.५१ मीटर, हरवंत कौर ६०.१६, सीमा अंतिल ५८.४६. सोनं, रूपं, कांस्य, तिन्ही आपलीच. राष्ट्रकुल अ‍ॅथलेटिक्समध्ये मिल्खासिंगनंतर भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण, ५२ वर्षांनी. भारतीय बाईला मिळालेलं तर पहिलंच. म्हणजे मिल्खासिंगच्या त्या शर्यतीचं महत्त्व सांगताना ज्या ५२ वर्षांच्या दुष्काळाचा दाखला द्यावा लागतो, तो जिने संपवला तिलाच तुम्ही गाळलंत.

मी कार्यालयात फोन केला. आपले एक तरुण सहकारी अगदी नम्रपणे म्हणाले, ‘मॅडम, तेव्हा मोठ्या खेळाडू आल्याच नव्हत्या ना!’ खरं आहे. २००९ ची जगज्जेती, ऑस्ट्रेलियाची डॅनी सॅम्युअल्स, दिल्लीला आली नाही. पण जो जोडीला उतरलाच नाही त्याच्या नावावर कुस्ती लावायची पद्धत आपल्याकडच्या कुठल्या फडात आहे? ज्या आल्या त्यांना या तिघींनी हरवलं. आणि कृष्णाचं यश घरच्या मैदानापुरतं होतं म्हणावं, तर दोनच वर्षांनी लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तिने ६३.६२ मीटर फेकली. दिल्लीपेक्षा दोन मीटर पुढे. तेव्हा ती सातवी आली होती. नंतर रौप्यविजेती रशियन खेळाडू उत्तेजकात सापडून बाद झाली आणि कृष्णा सहावी ठरली. ही दुरुस्ती आपल्या पानावर माझ्या तरी वाचनात आली नाही.

मी शाळेत खेळ शिकवते, मुलींकडून थाळी फेकून घेते. आम्हाला मैदान मिळतं ते क्रिकेटवाली मुलं यायच्या आत, कारण थाळी पडली की खेळपट्टीला खड्डा पडतो अशी त्यांची तक्रार. जाळी नाही, म्हणून बाकीच्या मुलींना लांब मागे उभं करून एकेकीला फेकायला लावते. कड सैल झालेली एक किलोची थाळी चार बोटांच्या पेरांवर तोलायची, अंगठा नुसता टेकवायचा. अडीच मीटरच्या वर्तुळात दीड गिरकी घ्यायची आणि तर्जनीवरून ती सुटली पाहिजे. सुटल्यावरही जागचं हलायचं नाही. थाळी पडेपर्यंत आत थांबायचं आणि बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्यातूनच, नाही तर फेक बाद. धावणारी समोरच्या वाऱ्याला शिव्या घालते. आमच्या मुली मात्र समोरून बेताचा वारा आला की खूश होतात, कारण तो थाळीला उचलून धरतो. एवढं सगळं दीड-दोन सेकंदांत घडतं. आपल्या पानावर हे कधी वाचायला मिळालं तर मला पन्नास वेळा समजवावं लागणार नाही.

२ ऑगस्ट २०२१ चंच घ्या. टोकियो ऑलिम्पिकच्या थाळीफेकीत कमलप्रीत कौर अंतिम फेरीत उतरली होती. पात्रतेत ६४ मीटरची थेट मर्यादा सगळ्या जगातून दोघींनीच गाठली होती, अमेरिकेची व्हॅलरी ऑलमन आणि ही. अंतिम फेरीत पावसाने खेळ थांबला, वर्तुळ ओलं झालं, भल्याभल्या घसरल्या. कमलप्रीत ६३.७० मीटरवर सहावी आली. दुसऱ्या दिवशी आपण शीर्षक दिलंत, ‘कमलप्रीतकडून निराशा’. जगात सहावी येणाऱ्या पोरीने कोणाची निराशा केली, साहेब? आदल्या आठवड्यापर्यंत तिचं नाव तरी माहीत होतं का आपल्याला?

पुढे ती उत्तेजक सेवनात सापडली, तीन वर्षांची बंदी आली. ती बातमी छापलीत ते योग्यच केलंत. आमच्या खेळाला हा डाग आहे आणि तो मी झाकणार नाही. मुलींना मी तिची फेक दाखवते आणि बंदीही सांगते. पण बंदीच्या बातमीला जेवढी जागा मिळाली तेवढी सहाव्या क्रमांकाला मिळाली नव्हती, हे मला सलतं. सीमाचं तर त्याहून विचित्र. २००० साली सॅंटियागोला जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तिने जिंकलेलं सुवर्ण स्यूडोएफेड्रिन सापडल्यामुळे काढून घेतलं गेलं. हे औषध सर्दीच्या गोळ्यांत असतं. शिक्षा म्हणून ताकीद मिळाली. त्यानंतर ती २००६, २०१०, २०१४ आणि २०१८ अशा लागोपाठ चार राष्ट्रकुल स्पर्धांतून पदक घेऊन आली, मधे इंचिऑनला आशियाई सुवर्णही जिंकली. यातलं आपल्या वाचकाला काय ठाऊक असेल? बहुधा ती गोळीच.

बीडच्या अविनाश साबळेने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं तेव्हा आपण पहिलं पान दिलंत. आम्हीही शाळेत पेढे वाटले. आपल्या माणसाचं कौतुक जास्त असणारच, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. पण पुरवणी भारताची होती. हरियाणा-पंजाबच्या या बायका त्यात बसत नसतील तर मथळा तरी बदलायचा होता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने ती पुरवणी कापून फळ्याशेजारी लावली आहे. त्यात हातात थाळी असलेला एकही फोटो नाही. ती आमच्याकडची सगळ्यात लांब फेकणारी मुलगी. तिने विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. आपल्याला मात्र विचारते आहे.

येत्या रविवारी शुद्धिपत्र छापा. कोपऱ्यात दोन ओळींचं नको, जिथे चूक झाली त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत. कृष्णा पुनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल, अंतरांसह. फोटो थाळी सुटतानाचा छापा, पदक दातात धरलेला नको.

आपली जुनी वाचक,
एक क्रीडाशिक्षिका