टाकीतलं पाणी कोण चोरतं?

मुलांनो, आज एका चोरीची गोष्ट सांगते. चोरी कसली, तर रंगीत पाण्याची!

खोपोलीत आमच्या शेजारच्या काकांकडे विजेवर चालणारी मोटार आहे. कामासाठी ते रोज पळसदरीवरून कर्जतला जातात आणि आठवड्यातून एक-दोनदा बोरघाट चढून लोणावळ्याला. दिवाळीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की बॉनेटखालच्या टाकीतलं कूलंट कमी होतंय. भरून ठेवलं, तरी पंधरा दिवसांनी पुन्हा खाली. गाडीखाली मात्र एक थेंब नाही! गॅरेजमध्ये वरवर पाहिलं, काही सापडलं नाही.

मग संशय गेला माझ्या वर्गातल्या एका मुलावर. त्याला गाड्यांचं भारी वेड. शाळा सुटली की त्या गाडीभोवती घुटमळायचा. "हाच झाकण उघडून खेळत असणार, बाई," काका म्हणाले. खरं सांगते, मलाही ते पटलं. मी त्याला सगळ्या वर्गासमोर विचारलं. तो खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतच आला नाही.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, बॉनेटचा खटका तर गाडीच्या आत असतो. गाडीला कुलूप असताना त्यानं ते उघडलं कसं?"

मी गप्पच झाले. मी त्याच्याकडून उत्तर मागितलं होतं, पण हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मग ठरवलं, आता खरं काय ते शोधायचंच.

तुम्ही म्हणाल, या गाडीला इंजिन नाही, मग कूलंट कशाला? मोबाइल चार्जिंगला लावला की पाठीमागे गरम लागतो ना? तसंच आहे. गाडीची बॅटरी चार्ज होताना आणि जोर लावताना तापते. मोटारही तापते. आपल्या कर्जतला घाट चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात ना, त्या विजेच्या इंजिनांनाही आतली यंत्रं थंड ठेवावी लागतात. मोटारगाडीत पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण एक पंप नळ्यांमधून फिरवत ठेवतो. ते उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथे निवतं आणि पुन्हा फिरायला जातं. ही वाट बंद असते. त्यामुळे ते सारखं कमी व्हायला नको. पेट्रोलच्या गाडीत बिघाड झाला, तर कधी कधी ते इंजिनात शिरून वाफ होऊन जातं. नुसत्या विजेच्या गाडीत तीही वाट नाही.

मग आम्ही फळ्यावर शक्यता लिहिल्या. एक, मोजण्यात चूक: गरम कूलंट फुगतं, थंड झालं की बसतं. दोन, भरताना अडकलेली हवा निघून गेली. पण त्यानं पातळी उतरते ती सुरुवातीला, वारंवार नाही. तीन, बाहेर कुठेतरी गळती. चार, बॅटरीच्या पेटीत गळती.

चौथी सगळ्यात वाईट. २०११ साली अमेरिकेत शेवरोले व्होल्ट ही गाडी चाचणीसाठी मुद्दाम आदळली होती. हिच्यात बॅटरीबरोबर पेट्रोलचं इंजिनही होतं. आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीनं तीन आठवड्यांनी पेट घेतला. धक्क्यानं बॅटरीला इजा होऊन कूलंट आत गळलं होतं. पुढे कंपनीनं बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि टाकीत पातळी सांगणारा सेन्सर बसवला. म्हणून पातळी उतरली की नुसतं भरत राहायचं नसतं, कारण शोधायचं असतं.

काकांनी टाकीला कागदाची पट्टी चिकटवली. रोज सकाळी, गाडी थंड असताना, एकाच सपाट जागी पेन्सिलीची खूण. वहीत तीन रकाने: तारीख, पातळी, आदल्या दिवशीचा प्रवास. वही भरायचं काम कोणाला दिलं असेल? त्याच मुलाला! त्याच्या घरी जाऊन मीच त्याला बोलावून आणलं.

तीन आठवड्यांनी वही बोलू लागली. रविवारी गाडी दिवसभर उभी, तेव्हा खूण जागच्या जागी. कर्जतला जाऊन आलं, तरी जागच्या जागी. घाट चढला, की दुसऱ्या दिवशी खूण खाली! कोणी खोडी काढत असतं, तर ती उभ्या गाडीची काढली असती ना? म्हणजे चोर होता चढावरच्या उष्णतेचा आणि दाबाचा सोबती.

वही पाहून गॅरेजवाल्यांनी गाडीखालचं आच्छादन काढलं आणि टाकीला हातपंप लावून दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला. एका नळीच्या जोडावर वाळलेला गुलाबी थर होता. थेंब आच्छादनावर पडून तिथेच वाळत होते, म्हणून जमीन कोरडी! जोडावरची पकड बदलली आणि काटा स्थिर राहिला. बॅटरीची पेटीही त्यांनी तपासली. ती कोरडी होती.

काका स्वतः शाळेत आले. "चुकलो रे बाळा," म्हणाले. मीही सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. आळ वर्गासमोर घेतला होता, मग माफी एकटं गाठून कशी मागणार?

पालकांसाठी दोन शब्द. कूलंट चवीला गोड असतं, पण विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा. मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका. नळाचं पाणी ओतू नका. नारिंगी तारांना हात लावू नका. त्यांत मोठ्या दाबाची वीज असते.

आणि मुलांनो, घरातली वस्तू हरवली की आपण पटकन कुणाचं तरी नाव घेतो. पुढच्या वेळी आधी वहीत तीन रकाने आखा. काय सापडलं ते मला नक्की कळवा!

तुमची,
बाई