नापास गाडी, बुडालेला दिवस

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओपुढे गाडी उभी करून तपासून घ्यायची. फी होती ३०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून ती १,००० झाली, वर उशिराबद्दल महिन्याला ३०० वेगळे. कापसाचा भाव असा एका दमात तिप्पट झालेला कोणी पाहिला आहे काय?

पण गाडी नापास होते ती फीमुळे नव्हे. टायर गुळगुळीत (दुचाकीच्या टायरची नक्षी निदान ०.८ मिलिमीटर खोल लागते), मागचा लाल दिवा बंद, ब्रेकचे लायनर झिजलेले, हॉर्न मुका, आरसे काढून माळ्यावर टाकलेले. धुराचेही तेच. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला की धूर वाढतो आणि पीयूसी मिळत नाही. आपल्या वाटाच धुळीच्या. ही सारी कामे गावच्या मेस्त्रीकडे अर्ध्या दिवसाची. ती आपण टाळतो आणि त्याच गाडीवर अंधारात बायको मागे, पोर पुढे घेऊन बाजारातून निघतो. इथे सरकारला शिव्या देऊन भागत नाही.

सरकारचा दोष वेगळा. एका दिव्यापायी नापास झालेल्याला पुन्हा जिल्ह्याला हेलपाटा. ऐन वेचणीत दोन दिवस बुडतात. तपासणीचे शिबिर तालुक्याला, बाजाराच्या दिवशी भरवा. दुरुस्ती केली की गाडी तिथेच, त्याच दिवशी पुन्हा तपासा. हा ठराव आजच्या बैठकीत मांडावा. आणि परत निघण्याआधी आपापल्या गाडीचा मागचा दिवा लावून बघा. घरी पोचेपर्यंत रात्र होईल.