सुकाणूच्या पोटांतलें पाणी

आमच्या लोधिवलीच्या बाजूनें वाहणारी पाताळगंगा पुढें धरमतरच्या खाडीस मिळते. एवढाच आम्हां डोंगराकडील लोकांचा समुद्राशीं संबंध. तथापि माझा एक जुना विद्यार्थी मुंबई बंदरांत लहानशी शिडाची होडी बाळगून आहे. पावसाळ्यासाठीं ती किनाऱ्यावर ओढली, तेव्हां सुकाणूच्या एका चिरेंतून तांबूस पाणी झिरपतांना त्याला दिसलें. "गुरुजी, लांबी भरून वर रंग दिला कीं झालें, दसऱ्यास मुलांना घेऊन अलिबागेस जावयाचें आहे," असा त्याचा बेत. तो मला मुळींच रुचला नाहीं.

अमरकोशांत सुकाणूस 'केनिपातक' असें नांव आहे. 'क' म्हणजे पाणी, त्यांत सोडलेलें तें केनिपातक. सुकाणूनें पाण्यांत असावें हें योग्यच, परंतु सुकाणूंत पाणी असणें ही गोष्ट निराळी. जुन्या मचव्याचें सुकाणू भरीव लाकडाचें. तें भिजलें तरी फुगण्यापलीकडे सहसा कांहीं होत नसे. हल्लींचें सुकाणू म्हणजे फायबरचे दोन पातळ पापुद्रे, मध्यें हलका फोम, आणि आंत शिरलेला पोलादी दांडा, ज्यास पोलादी फासळ्या जोडलेल्या असतात. उन्हानें पोलाद व फायबर सारखीं प्रसरण पावत नाहींत. त्यामुळें दांड्याच्या मुळाशीं केसाएवढी फट पडते व तेथून पाणी आंत जातें. 'न गंजणारें' पोलाद हें नांव तर अर्धेंच खरें. त्याचें संरक्षक कवच प्राणवायूवर टिकतें. कोंडलेल्या पाण्यांत तो मिळत नाहीं, आणि मग तें पोलादही गुपचूप पोखरलें जातें. फासळ्यांचे सांधे सुटले म्हणजे दांडा फिरतो पण पातें फिरत नाहीं. खांदेरी-उंदेरीच्या खडकांपाशीं, होडींत मुलें असतां, असा प्रसंग कोणावर येऊं नये.

शेवटीं त्यानें कारागीर गांठला. सुकाणू उतरवून तळच्या कोपऱ्यास भोंक पाडतांच आंबूस वासाचें पाणी वाहूं लागलें. आषाढांत जेथें पापड वाळत नाहींत तेथें सुकाणू काय वाळणार! म्हणून तें बंद खोलींत विजेच्या दिव्याच्या उबेंत ठेविलें, व दर आठवड्यास काट्यावर तोललें. वजन घटावयाचें थांबलें तेव्हांच तें वाळलें असें मानलें. हाताला कोरडें लागणें हा पुरावा नव्हे. मग एका बाजूचा पापुद्रा कापून भिजका फोम खरवडून काढला. तीन फासळ्यांपैकीं एकीचा सांधा गंजून पार सुटलेला होता! तो पुन्हां जोडविला, नवा फोम भरला, आणि कापल्या जागेच्या कडा पापुद्र्याच्या जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरत्या घांसून त्यावर इपॉक्सींत भिजविलेलें काचेचें कापड थरांनीं बसविलें. दांड्याच्या मुळाशीं मात्र मुद्दाम खांच पाडून लवचीक लुकण भरलें. तेथें कठीण लांबी पुन्हां तडकलीच असती.

या सर्वांत दसरा गेला. मुलें कांहीं दिवस रुसलीं. होडी कार्तिकांत पाण्यांत उतरली.