ती पाण्यात, तो काठावर

साकोली तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची मासिक बैठक आटोपली होती. वही मिटली, चहा आला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या. मी बोलून गेले, "जानेवारीत मी मालवणला जाणार आहे, समुद्रात बुडी मारायला." मग स्कूबा डायव्हिंग म्हणजे काय ते सांगावं लागलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत बदकासारखे पंजे. बाया खूप हसल्या. एकीने विचारलं, मासा चावत नाही का? दुसरीने विचारलं, लुगडं नेसून जाता येते का? मग कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "अन् साहेब?" मी म्हटलं, "ते पाण्यात उतरत नाहीत. ते काठावर थांबतील." सगळ्या गप्प झाल्या. "मंग तुमी पान्यात जाल, त साहेब का करतीन जी?"

त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न मला सासरी विचारला गेला, माहेरी विचारला गेला आणि पदव्या घेतलेल्या सहकाऱ्यांनीही विचारला. किती खोल जातेस, धोका काय, शिकलीस कुठे, हे विचारणारे फार थोडे भेटले. सगळ्यांना चिंता एकच, साहेब काय करतील.

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगा आहे, मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आहेत, गावोगावी बोड्या आहेत. इथल्या बाईला पाणी नवं नाही. रोवणीच्या दिवसांत ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीतल्या चिखलात वाकलेली असते, पायांना चिखल्या होतात. ढिवर समाजातली बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे धरते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात (१९९९ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता) अर्जुनी-मोरगावकडच्या ढिवर बायांनी तलावात उतरून बेशरमाची झुडपं उपटली, पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासळी परत यावी म्हणून कष्ट घेतले. या बाया पाण्यात असताना त्यांचे नवरे काय करतात, असं कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

जगातही हेच दिसतं. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर 'हेन्यो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारत आल्या आहेत. पाठीवर टाकी नसते. श्वास रोखून दहा-दहा मीटर खाली जायचं आणि शंखशिंपले, समुद्री वनस्पती काढून आणायच्या. त्या कमाईवर घरं चालली. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्या देशात रामेश्वरम-पांबनकडच्या कोळी समाजातल्या बाया मन्नारच्या आखातात बोटांना चिंध्या गुंडाळून समुद्री शेवाळ काढतात. त्यांच्याही बुडीतून घरात भात शिजतो.

म्हणजे बाईने पाण्यात उतरण्याला हरकत नाही. पोटासाठी उतरली तर ती कष्टाळू ठरते, आणि मौजेसाठी उतरली की लगेच नवऱ्याचा प्रश्न उभा राहतो. आक्षेप आहे तो तिच्या मौजेला.

इथवर मी इतरांबद्दल लिहिलं, आता स्वतःबद्दल लिहिते. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त सिंधुदुर्गात गेले असताना मी पहिल्यांदा समुद्राखाली उतरले. नंतर रजा काढून, एकटीने जाऊन, रीतसर शिकून आले. आता मला १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी आहे. या वेळी पहिल्यांदाच नवरा आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत. पाच दिवसांच्या सुट्टीचा आराखडा मी एका कागदावर लिहिला. एक दिवस सिंधुदुर्ग किल्ला, एक दिवस देवदर्शन, एक दिवस त्याच्या मित्राकडे, त्याला आवडते म्हणून रोज मासळीचं जेवण. माझी बुडी एकच होती, तीही सगळे झोपेतून उठण्याच्या आत उरकायची.

त्याच आठवड्यात एका शिबिरात मी बायांकडून '२४ तासांचं घड्याळ' करून घेत होते. आपल्या दिवसाचे तास कुठे जातात ते वर्तुळात रंगवायचं, हा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा खेळ. मी नेहमीप्रमाणे आकडे सांगितले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरचं बिनमोल काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. सांगता सांगता तो कागद आठवला. रजा माझी, बेत माझा, आणि तरी पाच दिवसांत माझा वाटा जेमतेम तासाभराचा. बुडी मारायला जाते म्हणून मी उरलेल्या साडेचार दिवसांत सगळ्यांची माफी मागत होते. मला कोणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. इतरांना शिकवताना जे सहज दिसतं ते स्वतःच्या घरात दिसायला वेळ लागतो.

मी कागद नवऱ्यापुढे ठेवला आणि हे बोलले. त्याने लगेच "तू म्हणशील तसं" म्हटलं असं नाही. तो म्हणाला, "मी तीन-तीन तास काठावर बसून होडीची वाट बघायची? आणि तुला काही झालं तर?" त्याची भीती खरी होती, कंटाळाही खरा होता. मी म्हटलं, तुझ्या क्रिकेटच्या सामन्यांना मी आठ वर्षं मैदानाच्या कडेला बसले, मांडीवर मूल घेऊन. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा तू सांगितलं नाहीस." हेही खरंच होतं.

तो का उतरत नाही, ते सांगायला हवं. लहानपणी कान फुटून पडद्याला भोक राहिलं आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि तो सगळ्यात आधी कानाला जाणवतो. अशा माणसाने उतरूच नये. पण किनाऱ्यावर "वहिनी जातात आणि तुम्ही घाबरता?" असं कोणीतरी म्हणणारच. बुडीआधी प्रकृतीबद्दलचा एक फॉर्म भरून घेतात. लाजेपोटी सगळीकडे 'नाही' लिहून पाण्यात उतरणारे लोक असतात. पुरुषाने भ्यायचं नाही, बायकोच्या मागे राहायचं नाही, या शिकवणुकीने पुरुषाचा जीवही धोक्यात येतो. 'मी काठावर थांबतो' असं पुरुषाला मान खाली न घालता म्हणता आलं पाहिजे.

मग आम्ही दोघांनी नवा कागद लिहिला. इतरांना उपयोगी पडेल म्हणून तो इथे मांडते.

तारखा आधी ठरवल्या. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं. नाताळच्या आठवड्यात गर्दी फार. म्हणून ३ जानेवारीचा सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम झाला की निघायचं. नागपूरहून रेल्वेने कोकणात, कुडाळला उतरून पुढे मालवण-तारकर्ली.

दोन सकाळी माझ्या. प्रत्येक सकाळी दोन बुड्या, दुपारच्या जेवणापर्यंत परत. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात टाकी लावून नेत नाहीत, त्यामुळे मुलगी बापाबरोबर राहील. दुपारनंतर मुलगी माझ्याकडे आणि तो मोकळा. झोपावं, भटकावं, एकटं बसावं. त्या वेळेचा हिशेब मी मागायचा नाही.

मी कोणत्या होडीने, कोणाबरोबर, किती वाजता गेले, कधी परतणार आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा, हे लिहून त्याच्या खिशात राहील. काठावरच्या माणसाला नुसतं ताटकळत ठेवलं की भीती वाढते. माहिती हातात असली की तोही त्या बेताचा भाग होतो.

शेवटचा पूर्ण दिवस बुडी नाही. यामागे शास्त्र आहे. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचावर गेलं, की बाटलीचं बूच काढल्यावर सोडा फसफसतो तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही असा संकेत आहे. घाट चढतानाही तीच काळजी घ्यायची. नवऱ्याला आंबोली बघायची आहे, ती सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. तेव्हा मधे एक दिवस किनाऱ्यावरच, आणि मग पाचवा दिवस आंबोलीचा, पूर्ण त्याचा.

खर्च वेगळा मांडला. माझ्या बुड्यांना जेवढे पैसे लागतील तेवढ्याच रकमेवर त्याचा हक्क. तो त्यातून पक्षी बघायची दुर्बीण घेणार आहे. पुढच्या सुट्टीत तो तलावाकाठी दुर्बीण लावून बसेल आणि वाट बघायची पाळी माझी असेल. उट्टं काढणं हा हेतू नाही. पाळी दोघांवर आली पाहिजे, एवढंच.

एक गमतीची गोष्टही नोंदवते. बाप मुलीला दोन सकाळी सांभाळणार हे कळल्यावर नात्यातल्या सगळ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, "किती समजूतदार नवरा मिळाला!" आठ वर्षं मी तिला सांभाळते आहे, माझ्या समजूतदारपणाची नोंद अजून कोणी घेतलेली नाही.

आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीने मला सुनावलं, "गावात बाया रोजगार हमीच्या पैशासाठी खेटे घालतात आणि तू समुद्रातल्या सुट्टीवर लेख लिहितेस?" तिचं बोलणं मला लागलं. स्कूबा ही चार पैसे गाठीला असलेल्यांची मौज आहे, हे मी नाकारत नाही. पण स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा जो करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९७९ साली केला आणि भारताने १९९३ साली मान्य केला, त्याच्या तेराव्या कलमात बँकेच्या कर्जाबरोबरच मनोरंजन आणि खेळात भाग घेण्याचा हक्कही लिहिलेला आहे. कर्जाच्या हक्कावर आपण शंभर बैठका घेतल्या. मनोरंजनाच्या हक्कावर किती घेतल्या? आधी भाकरी, मग मौज, असं म्हणत आपण ती 'मग' पुढच्या पिढीवर ढकलत आलो. माझी आई रोवणीच्या पाण्यात आयुष्यभर उभी राहिली आणि तिला एक हातही पोहता येत नव्हतं. गावातली पोरं तलावात उड्या मारत, आम्ही मुली काठावर धुणं घेऊन बसत असू. पाय घसरला तर बाईने बुडायचं, अशी ही रीत. मी पोहायला शिकले ती वयाच्या तिसाव्या वर्षी.

मैत्रिणी विचारतात त्याची उत्तरंही देऊन टाकते. पाळी चालू असताना बुडी मारायला हरकत नाही, बाईला बरं वाटत असलं म्हणजे झालं. गरोदरपणी मात्र उतरू नये. कपडे अंगभर असतात, पण बरोबर असणारे बहुतेक पुरुष असतात. म्हणून आपल्याला काय चालतं आणि काय नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं.

पाण्याखाली एक नियम मला फार आवडला. कोणी एकट्याने उतरायचं नाही, प्रत्येकाला एक जोडीदार असतो. उतरण्याआधी दोघांनी एकमेकांची टाकी, नळी, पट्टे तपासायचे. आणि कोणालाही, कोणत्याही क्षणी, कारण न देता अंगठा वर करून बुडी थांबवता येते. समोरच्याने वाद घालायचा नाही, रागवायचं नाही, बरोबर वर यायचं. हे वाचणाऱ्या किती जणींच्या घरात, कारण न देता 'आता नको' म्हणण्याची मुभा आहे?

त्या वयस्क बाईंना मी त्या दिवशी हसून वेळ मारून नेली होती. पुढच्या बैठकीत नीट उत्तर देणार आहे. साहेब मुलीला सांभाळतील, भूक लागली की जेवतील, कंटाळा आला तर कंटाळतील. मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल. आणि त्याच बैठकीत आपण घड्याळाच्या खेळात 'माझी मौज' असा एक रंग वाढवू या. तो कोरा राहिला तरी चालेल, निदान कोरा आहे हे दिसेल. दुसरं, तलावांच्या या जिल्ह्यात प्रत्येक शाळेतल्या मुलीला पोहायला शिकवा, ही मागणी ग्रामसभेत मांडू या. समुद्र नंतर बघू, आधी आपल्या मुली गावच्या बोडीत पोहू देत.