गाठीच्या तुकड्यासोबत फिल्मही हवी

जबड्याची सूज दुखत नसेल आणि हळूहळू वाढत असेल, तर वर्ष-दोन वर्षे घरात कुणी मनावर घेत नाही. मग मुलीच्या लग्नाची बोलणी निघतात, किंवा कुणीतरी ‘कॅन्सर तर नाही ना?’ असे विचारते, आणि सगळे घर घाबरते. नांदेड-लातूरकडे तंबाखू-गुटख्याने झालेला तोंडाचा कॅन्सर आपण इतका पाहिला आहे, की या भीतीला नावे ठेवता येत नाहीत. कुणी बार्शी गाठतो, कुणी हैदराबाद, कुणी देवगिरीने थेट मुंबई.

पण जबड्याची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही आजारांत हाडाची जागा तंतुमय पेशी आणि कच्चे हाड घेते. त्यातले मुख्य तीन म्हणजे फायब्रस डिसप्लेशिया, ऑसिफाइंग फायब्रोमा आणि सिमेंटो-ऑसियस डिसप्लेशिया. नावे अवघड आहेत, पण खरी अडचण वेगळीच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

फरक कळतो तो एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर. फायब्रस डिसप्लेशियात हाड न्हाणीघराच्या खिडकीच्या धूसर काचेसारखे दिसते आणि आजार कुठे संपला ते सांगता येत नाही. ऑसिफाइंग फायब्रोमाला स्पष्ट कड असते. तिसरा बहुधा मध्यमवयीन स्त्रियांत, खालच्या दातांच्या मुळांशी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतो.

उपचार तर पूर्ण वेगळे. ऑसिफाइंग फायब्रोमा समूळ काढावा लागतो, नाहीतर तो पुन्हा वाढतो. फायब्रस डिसप्लेशिया बहुतेकांत वयात आल्यावर मंदावतो. डोळ्याच्या नसेवर दाब किंवा श्वासाला अडथळा नसेल, तर वाढ थांबेपर्यंत थांबून मग हाडाला आकार देणे शहाणपणाचे. लग्नाच्या घाईत पंधराव्या वर्षी हाड तासले, तर ते पुन्हा वाढू शकते. या आजारात रेडिएशन देत नाहीत, त्याने उलट कॅन्सरचा धोका वाढतो. तिसऱ्या प्रकारात त्रास नसेल तर काहीच करायचे नसते. तिथे विनाकारण दात काढला किंवा तुकडा घेतला, तर कमी रक्तपुरवठ्याच्या त्या हाडात जंतुसंसर्ग घुसतो.

म्हणून माझे मत ठाम आहे: आधी फिल्म, मग सुई. बायोप्सीच्या फॉर्मवर ‘जबडा, गाठ’ एवढेच लिहून बाटली पाठवली, तर पॅथॉलॉजिस्टने ती तपासण्याआधी फिल्म मागावी. यात त्याचा अहंकार नाही, रुग्णाचा जबडा वाचतो. खर्चाचे कारणही फारसे टिकत नाही. संपूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, चुकीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट आपल्याच जिल्ह्यात आहेत. अशा रुग्णांच्या फिल्म आणि स्लाइड तिघांनी एकत्र बसून पाहायला नवे यंत्र लागत नाही, आठवड्यातला एक तास लागतो.

रुग्णांनीही एक करावे. आमच्याकडे येताना लोक रिपोर्टचा कागद आणतात आणि सीडी घरी पेटीत ठेवतात. कागद राहिला तरी चालेल, सीडी आणा. आणि सूज अचानक वेगाने वाढली, दुखू लागली, ओठ बधिर झाला किंवा नजर अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.