नटांच्याच हाती वाद्यं

संगीत नाटक म्हटलं की रंगवलेले पडदे, महाल, बगीचे आठवतात. ब्रॉडवेलाही थाटाची हौस दांडगी. १९७९ साली न्यूयॉर्कला स्टीफन साँडहाइम यांचं ‘स्वीनी टॉड’ आलं, तेव्हा दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स यांच्या रंगमंचावर जुन्या ओतशाळेचे लोखंडी सांगाडे उभे होते. माणसाला भरडणारं यंत्रयुगातलं लंडन त्यांना दाखवायचं होतं.

गोष्ट भयंकर. (जेवत असाल तर पुढचं वाक्य सोडा!) खोट्या आरोपावरून देशाबाहेर धाडलेला न्हावी पंधरा वर्षांनी परततो, सूडाने पेटून वस्तरा चालवतो आणि खाली दुकान थाटलेली बाई त्याच्या गिऱ्हाइकांचा खिमा पॅटिसात भरून विकते.

२००४मध्ये जॉन डॉइल यांनी हेच नाटक इंग्लंडमधल्या न्यूबरीजवळच्या वॉटरमिल या चिमुकल्या थिएटरात बसवलं. तिथे वाद्यवृंद परवडायचा कसा? मग नटांनीच वाद्यं वाजवायची. लंडनही गेलं, त्याजागी आलं मनोरुग्णालय. मूळ नाटकात टोबायस हा पोरगा शेवटी वेडा होतो. डॉइल यांनी तिथूनच सुरुवात केली. म्हणजे आपण पाहतो ते सारं त्याच्या डोक्यातलं!

२००५मध्ये प्रयोग ब्रॉडवेला गेला, तोही दहाच नटांनिशी. पॅटी लुपोन यांच्यासारखी बडी अभिनेत्री ट्युबा हा अवाढव्य पितळी कर्णा वाजवत होती. प्रेमी युगुलाच्या हाती एकेक चेलो. खून झाला की कर्कश शिट्टी, लाल उजेड आणि एका बादलीतून दुसरीत ओतलं जाणारं रक्त. बस्स. गळा कापलेला पाहण्यापेक्षा ती धार जास्त अंगावर येते.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये १९७२ सालीच माणसांची रांग पडदा झाली होती, भिंतही झाली होती.

२००६मध्ये डॉइल यांना दिग्दर्शनाचं आणि दहा जणांसाठी वाद्यरचना नव्याने बांधणाऱ्या सारा ट्रॅव्हिस यांनाही टोनी पारितोषिक मिळालं. रास्तच होतं. पण कारखान्याबरोबर गरिबांचं शहर गेलं, न्हाव्याला खुनी बनवणारी व्यवस्था धूसर झाली, हे नुकसान मला मोठं वाटतं. शिवाय नटच वाजवू लागले, तर पिढ्यान्‌पिढ्या रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून पोट भरणाऱ्या वादकांनी जायचं कुठे?